पिंप क्रमांक एक्केचाळीस

कोंडाजीला जाऊन तीन महिने झाले आणि कारखान्यातून निरोप आला की, मयताच्या घरातल्या एका माणसाला काम मिळेल. घरात माणसं दोनच उरली होती. एक कोंडाजीची आई अंबूबाई, साठी उलटलेली, गुडघ्यांनी धरलेली. दुसरी त्याची बायको मंजुळा. निरोप घेऊन आलेला शिपाई ओसरीवर टेकला, घटाघटा पाणी प्याला आणि दोघींकडे आळीपाळीनं बघत म्हणाला, "मग नाव कुणाचं लिहू?" अंबूबाई सुनेकडं बघत राहिली. मंजुळानं रिकामा तांब्या उचलला आणि म्हणाली, "मंजुळा लिहा."

त्यात धीटपणा काही नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं. त्या दिवसांत तिचं सगळंच तसं चाललं होतं. कुणी ऊठ म्हटलं की उठायची, जेव म्हटलं की जेवायची.

हे सत्तावन्न सालचं. रहाटणीतून काळेवाडीच्या अंगानं निघायचं, पवना ओलांडायची आणि पिंपरी स्टेशनाकडं वळायचं. तिथं माळावर नुकत्याच उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या शेडी होत्या. पाण्याचे पंप आणि लहान इंजिनं बनवायचा तो कारखाना. कोंडाजी तिथं तेलवाला होता. लेथ मशिनांच्या लांबलचक शेडमध्ये छताखालून एक लोखंडी दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा. त्याला लाइन शाफ्ट म्हणत. त्याच्यावरून पट्टे खाली उतरायचे आणि एकेक मशीन फिरवायचे. हा शाफ्ट ज्या बेअरिंगांवर टेकलेला असायचा, त्यांना दिवसातून तीनदा शिडी लावून तेल द्यायचं, हे कोंडाजीचं काम. नऊ मार्चला, सकाळी अकराच्या सुमाराला, त्यातल्या एका बेअरिंगमधून धूर यायला लागला. काय झालंय ते बघायला तो शिडी चढला. तेवढ्यात बेअरिंग जाम झालं, पट्टा उसळून शिडीवर बसला आणि कोंडाजी खालच्या मशीनवर पडला. दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही.

कारखान्यानं चौकशी केली. अहवालाच्या शेवटी एक ओळ होती: 'सदर कामगाराने बेअरिंगला वेळेवर तेल न दिल्याने, म्हणजे त्याच्याच हलगर्जीपणामुळे, अपघात झाला.' त्याची नक्कल घरी आली तेव्हा ती मंजुळानंच वाचून दाखवली, कारण घरात वाचता येणारी तीच. हलगर्जीपणा म्हंजी काय, असं म्हातारीनं विचारलं. मंजुळानं सांगितलं. तेव्हापासून अंबूबाई रोज एकदा तरी, भाकरी थापताना नाहीतर गोठ्यात शेण भरताना, स्वतःशीच म्हणायची, "असा कसा इसरला गं माझा कोंडा? लहानपनापासनं कदी दाराची कडी लावायची इसरला न्हाई, आन् तेल घालायचं कसं इसरला?"

मंजुळा रडली नव्हती. गावातल्या बायकांनी तिला गळामिठी घालून हंबरडा फोडला, तिच्या पाठीवर हात आपटले, कोंडाजीच्या आठवणी काढकाढून सांगितल्या. ती मान हलवत राहिली. रडली नाही तर डोक्यावर परिणाम होईल, असं एकदोघी तिच्यादेखत बोलल्या. तेही तिनं ऐकून घेतलं. एकदा चुलीवरचं भगुणं तिनं नुसत्या हातानं उतरवलं, आणि बोटं भाजलीत हे तिला दुपारी फोड आल्यावर कळलं.

तिला काम मिळालं ते तेलतपासणीच्या खोलीत, काचेची भांडी धुवायचं. कारखान्यात लागणारं तेल पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून पिंपांनी यायचं. प्रत्येक पिंपातलं थोडं तेल या खोलीत तपासून, मगच पिंप शेडमध्ये जायचं. खोलीचे मुख्य दौलतराव. मुख्य म्हणजे तिथं ते एकटेच होते. पुण्याचे बी.एस्सी., चाळिशीचे, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. पहिल्या दिवशी ते तिच्याशी बोलताना जमिनीकडं बघत होते. सोड्याचं पाणी कुठं, चिंध्या कुठं, एवढं सांगून खुर्चीत जाऊन बसले.

महिनाभर तिनं बाटल्या धुतल्या. एका दुपारी तेलाची बाटली डब्यावर उपडी धरून ती सहज म्हणाली, "हे कालच्यापेक्षा पातळ आहे."

दौलतरावांनी वहीतून मान वर केली. मापाच्या बारीक छिद्रातून गळायला कालच्या तेलाला एकशेनव्वद सेकंद लागले होते, आजच्याला एकशेबहात्तर. हा आकडा त्यांनी तिला सांगितलेला नव्हता.

"कशावरून म्हणता?"

"शेवटचा थेंब काठाला लोंबतो ना, तो तुटायला वेळ लावतो. ह्याचा लवकर तुटला."

मग चौकशी केल्यावर कळलं की, मंजुळाबाई कराडच्या बाजूची. वडील गुळव्या. गुऱ्हाळावर काहिलीतला रस उकळून गूळ कधी उतरवायचा, हे ठरवणारा माणूस. काकवी हवी असेल तर आधी, गूळ हवा असेल तर नंतर. घटकाभर इकडंतिकडं झालं तर आधण वाया. वडील उलथन्यावरून पाक निथळताना बघायचे, थेंब थंड पाण्यात सोडून बोटांनी त्याची गोळी वळून बघायचे. चुलाणाशेजारी बसून मंजुळा ते शिकली होती. शिवाय मराठी सातवी पास होती, तीही गणितात पहिली.

दौलतरावांनी दुसऱ्या दिवसापासून तिला शिकवायला घेतलं. का घेतलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

"एक लक्षात ठेवा," ते म्हणाले. "जड असणं वेगळं आणि हे वेगळं. पारा लोखंडाहून जड, पण सांडला तर पळत सुटतो. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे पाण्याहून हलकं. पण नळीतून येताना रेंगाळतं."

"मग हे म्हणजे काय?"

त्यांनी टेबलावर कोऱ्या कागदांची चवड ठेवली, वरच्या कागदावर तळवा टेकवला आणि पुढं सरकवला. वरचा कागद पुढं गेला, तळाचा जागीच राहिला, मधले थोडेथोडे ओढले गेले. "वाहणारी वस्तू अशी थराथरांनी सरकते. एक थर शेजारच्याला धरून ठेवतो. किती जोरानं धरतो, त्याचं माप म्हणजे व्हिस्कॉसिटी. पाण्याचे थर एकमेकांना लगेच सोडतात. तुमच्या काकवीचे सोडत नाहीत."

"आणि बेअरिंगात?"

"बेअरिंगात शाफ्ट लोखंडावर टेकलेला नसतो. मधे तेलाचा पापुद्रा असतो, त्याच्यावर तो तरंगत फिरतो. तेलाच्या थरांनी एकमेकांना धरलं नाही, तर पापुद्रा पिळून बाहेर निघतो आणि लोखंडाला लोखंड..." बोलताबोलता समोर कोण बसलंय हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते थांबले. मंजुळा पुढच्या वाक्याची वाट बघत होती.

मापायचं यंत्र रेडवुड नावाचं होतं. पितळी भांडं, त्याच्याभोवती गरम पाण्याचा वेढा, तळाला अकीक दगडात कोरलेलं बारीक छिद्र आणि छिद्रावर बसवलेली गोळी. भांड्यात खुणेपर्यंत तेल भरायचं. बाहेरचं पाणी तापवत तेल बरोबर एकशेचाळीस अंश फॅरनहाइटवर आणायचं, कारण तापलं की तेल सैल होतं आणि दोन अंशांचा फरकही मापात उतरतो. मग गोळी उचलायची आणि त्याच क्षणी घड्याळाचा खटका दाबायचा. खालच्या चंबूत पन्नास सी.सी.च्या रेघेला तेल टेकलं की पुन्हा खटका. जेवढे सेकंद, तेवढा तेलाचा आकडा.

सेकंदांवरून खरं माप काढायची रीत दौलतरावांनी तिला वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिली. सेकंद शंभराच्या वर असतील तर त्यांना ०.२४७ नं गुणायचं, आणि पन्नासाला सेकंदांनी भागून जे येईल ते त्यातून वजा करायचं. शंभराच्या आत असतील तर गुणायला ०.२६ आणि भागायला एकशेएकोणऐंशी. येईल ते उत्तर सेंटिस्टोकमध्ये, म्हणजे चिकटपणा मोजायच्या एककात.

"वजा कशाला करायचं?" तिनं विचारलं.

हा प्रश्न दौलतरावांना आवडला. "छिद्रातून सुटताना तेल वेग घेतं. थोडा वेळ चिकटपणात जात नाही, त्या उडीत जातो. तेवढा हिशेबातून काढून टाकायचा. तेल जितकं पातळ, तितकी उडी मोठी आणि वजाबाकीही मोठी."

तिनं एकशेनव्वद सेकंदांचं गणित करून बघितलं. सेहेचाळीस पूर्णांक त्र्याण्णव, त्यातून सव्वीस शतांश वजा. सेहेचाळीस पूर्णांक सदुसष्ट. दौलतरावांनी ताळा केला. बरोबर होतं.

दिवाळीपर्यंत मापं सगळी तीच घ्यायला लागली, दौलतराव फक्त सही करायचे. काम तिला मानवलं. तेल रेघेकडं चढत असताना सेकंद मोजायचे, बाकी मनात काही आणायचं नाही. आणायचं म्हटलं तरी येत नव्हतंच. घरी गेल्यावर म्हातारीचं "कसा इसरला गं" ऐकायचं, भाकरी खायची, पडायचं.

असा माघ सरत आला. खोलीतली फळी बाटल्यांनी भरून गेली होती. प्रत्येक पिंपातलं शेरभर तेल बाटलीत भरून, त्यावर पिंपाचा क्रमांक आणि तारीख चिकटवून वर्षभर ठेवायचा रिवाज होता. दौलतराव दोन दिवसांसाठी पुण्याला निघाले होते. जाताजाता म्हणाले, "मंजुळाबाई, मागल्या मार्चपर्यंतच्या बाटल्या ओतून टाका आणि धुऊन ठेवा. जागा नाही."

"मार्चच्यांना अजून वर्ष व्हायचंय, साहेब."

"पंधरा दिवसांनी काय फरक पडतो? टाका ओतून."

ते गेले. खोलीत दुसरं काम नव्हतं. ओतायच्याच आहेत तर हात बसावा म्हणून एकेक मापून बघू, असं तिनं ठरवलं. वहीतला जुना आकडा झाकून ठेवायचा, आपला काढायचा, मग ताडून बघायचं. पहिल्या दिवशी सात बाटल्या झाल्या. एक-दोन सेकंदांच्या पलीकडं कुठं फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पिंप क्रमांक एक्केचाळीस.

गोळी उचलल्याबरोबर धार अशी सुटली की, तिला वाटलं छिद्राला काही झालं. बासष्ट सेकंद. वहीत होते एकशेनव्वद.

तिनं भांडं धुतलं, कोरडं केलं, तापमापक पुसला. पुन्हा बासष्ट. तिसऱ्यांदा साडेबासष्ट. मग यंत्रच बिघडलं असेल म्हणून तिनं आदल्या दिवशीची एक बाटली पुन्हा लावली. ती वहीतल्या आकड्याबरोबर बसली. यंत्र ठीक होतं.

ती गणिताला बसली. बासष्ट गुणिले ०.२६, सोळा पूर्णांक बारा. एकशेएकोणऐंशी भागिले बासष्ट, दोन पूर्णांक एकोणनव्वद. वजा करून तेरा पूर्णांक तेवीस. असायला हवं होतं सेहेचाळीस पूर्णांक सदुसष्ट. तेल साडेतीन पटींनी पातळ. हे शाफ्टचं तेल नव्हतंच. शिलाई मशीनसारख्या हलक्या यंत्राला घालायचं तेल असतं, तसलं काहीतरी होतं.

बाटलीवरची चिठ्ठी तिनं तेव्हा वाचली. चार मार्च. लेथ शेड.

कोंडाजी नऊ मार्चला गेला.

आणि तिला त्या आठवड्यातले कपडे आठवले. कोंडाजीचा सदरा धुणं म्हणजे एरवी हातांची सालपटं निघायची. राख लावा, सोडा लावा, तेलाचा डाग मेला हलायचा नाही. त्या आठवड्यात डाग पहिल्या चुबकण्यात निघाले होते. नदीवर शेजारणीला ती म्हणालीही होती की, ह्या वक्ताचा सोडा चांगला निघाला.

आता आपल्याला काहीतरी वाटायला हवं, हे तिला कळत होतं. ती स्टुलावर बसून वाट बघत राहिली. बाहेर शेडचा भोंगा झाला, माणसं डबे घेऊन निघाली. मग तिनं उठून चंबू धुतला आणि एक्केचाळीस नंबरची बाटली बूच घट्ट लावून परत फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दौलतराव आले तेव्हा तिनं वही उघडून त्यांच्यापुढं ठेवली. जुन्या आकड्याशेजारी पेन्सिलीनं नवा लिहिला होता. दौलतरावांनी तो बघितला. पुन्हा मापूया असं म्हणाले नाहीत. त्यावरून तिला अंदाज आला.

"तुम्ही मापलंच नव्हतं का, साहेब?"

"घड्याळ दुरुस्तीला गेलं होतं पुण्याला," ते म्हणाले. "शेडमधून दोनदा माणूस येऊन गेला, तेल संपलंय म्हणून. व्यापाऱ्याच्या चिठ्ठीवर एकशेनव्वद लिहिलेलं होतं. नेहमीच बरोबर असायचं. तेच उतरवलं, सही केली. घड्याळ आल्यावर मापू म्हटलं."

"मग नंतर?"

"नंतर तो दिवस आला."

"तेव्हा आठवलं नाही?"

दौलतरावांनी चष्मा काढला. "आठवलं. त्याच दिवशी संध्याकाळी आठवलं. फळीपर्यंत गेलो. बाटलीला हात लावला नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "लावला असता तर मापावं लागलं असतं."

बाटल्या पंधरा दिवस आधी ओतायला का सांगितल्या, हे तिनं विचारलं नाही. ते त्यांनीही सांगितलं नाही.

"तुम्हाला काय हवंय, मंजुळाबाई?"

"तो शब्द काढा. हलगर्जीपणा. म्हातारी रोज बोलते."

"मी लिहून दिलं तर माझी नोकरी जाईल."

मंजुळानं वही मिटली. तिच्या मनात धमकी नव्हती आणि दयाही नव्हती. तिनं चिंधी घेतली आणि टेबल पुसायला लागली.

चार दिवस खोलीत नेहमीचं काम चाललं. बाटली फळीवरच होती. दौलतराव मनात आणते तर ती कधीही ओतून देऊ शकत होते. मंजुळा रोज पाचला निघून जायची, किल्ली त्यांच्याकडं असायची. पाचव्या दिवशी ती आली तेव्हा त्यांनी चिठ्ठी लिहून तयार ठेवली होती. दीड पान. खाली सही. ते म्हणाले, "चला मॅनेजरांकडे."

मॅनेजर वाईट माणूस नव्हता, पण त्याला कागद बंद झालेले आवडायचे. चिठ्ठी वाचून तो म्हणाला, "दौलतराव, सेकंद आणि सेंटिस्टोक मला कळत नाहीत. तेल तेलासारखं असतं. अहवाल कधीच बंद झालाय."

दौलतराव पडलेल्या खांद्यांनी उभे राहिले. तेव्हा मंजुळा म्हणाली, "साहेब, उद्या इथं टेबलावर दाखवते. गणित नको."

त्या दुपारी ती लेथ शेडच्या अकबर मिस्त्रीला भेटली. शेडचा सगळा कारभार त्याच्या हाताखाली. कोंडाजीचा तो जिवाभावाचा. कोंडाजीला खांदा देणाऱ्यांत तोही होता. तिनं त्याच्याकडं तीन फुटी काचेच्या दोन नळ्या अडकवायला घोडी मागितली, आणि बारक्यातल्या बारक्या बेअरिंगच्या पोलादी गोळ्या. कशाला, हे सांगितल्यावर अकबर मिस्त्रीनं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"वहिनी, त्यानं मला सांगितलं होतं," तो म्हणाला. "म्हणाला, मिस्त्री, तेल पाण्यागत पळतंय, बेअरिंगात ठरत नाही. दिवसातून सहा-सहा वेळा शिडी चढत होता त्या आठवड्यात. मी म्हटलं, राव, तपासणीची सही लागलीय, तू काय साहेबापेक्षा शहाणा? वापर." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "नंतर बेअरिंग मीच उघडलं. आतून ओलं होतं. तेल दिलेलं होतं त्यानं."

"मग चौकशीत बोलला नाहीत?"

"कुणी विचारलं नाही. आणि मला वाटलं, बोललो तर मी त्याला काय म्हणालो होतो तेही निघेल."

मंजुळानं मान हलवली. व्यापारी, दौलतराव, मिस्त्री, अशा तीन माणसांच्या हातून थोडंथोडं सुटलं होतं. आणि तिनं नदीवर सोड्याचं कौतुक केलं होतं, ते धरलं तर चार.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या टेबलावर दोन नळ्या उभ्या राहिल्या. एकीत नव्या पिंपातलं चांगलं तेल, दुसरीत एक्केचाळीसचं. रंगात फरक दिसत नव्हता. मॅनेजरनं दोन्हींकडं डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाला, "एकच तर आहे."

"घड्याळ तुमच्या हातात धरा," मंजुळा म्हणाली. तिनं चिमट्यात मोहरीपेक्षा जराशी मोठी गोळी धरली आणि पहिल्या नळीत सोडली. गोळी एका चालीनं खाली जाऊ लागली. सगळे वाकून बघत होते. तळाला टेकायला एकोणीस सेकंद लागले.

दुसऱ्या नळीत तशीच गोळी सोडली. मॅनेजर खटका दाबून नीट बघायला वाकतो तोवर ती तळाला गेली. पाच.

"पुन्हा," तो म्हणाला. तिनं पुन्हा सोडल्या. एकोणीस आणि पाच.

"पहिलं गोळीला धरून ठेवतं," मंजुळा म्हणाली. "दुसरं सोडून देतं. त्यानं शाफ्टलाही असंच सोडून दिलं. हे गार तेल आहे, साहेब. बेअरिंगात तापल्यावर आणखी पातळ होतं."

मॅनेजर खुर्चीत मागं टेकला. "पण मुळात त्यानं तेल घातलंच नसेल तर?"

अकबर मिस्त्री दाराजवळ उभा होता. तो पुढं आला आणि बेअरिंग उघडल्यावर आत काय दिसलं ते सांगितलं. मग कोंडाजीनं तक्रार केली होती आणि आपण ती उडवून लावली होती, हेही सांगितलं. मंजुळा नळ्यांकडं बघत उभी होती. दोन्हींच्या तळाशी दोन-दोन गोळ्या पडल्या होत्या.

आठ दिवसांनी अहवालातली ती ओळ तांबड्या शाईनं खोडली गेली. तिच्या जागी लिहिलं गेलं: 'यंत्रास पुरविलेले तेल अयोग्य होते. सदर कामगाराने आपले काम नियमित केले होते व तेलाबाबत तक्रारही केली होती.' व्यापाऱ्याच्या गोदामात दोन पिंपांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती असं निघालं. त्याचं तेल बंद झालं. दौलतरावांना कुणी जा म्हणायच्या आधीच त्यांनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी त्यांनी यंत्र स्वतः धुतलं, अकिकाचं छिद्र रेशमाच्या धाग्यानं साफ केलं आणि किल्ली मंजुळाच्या हातात दिली.

नवी नक्कल तिनं अंबूबाईला चुलीपुढं बसून वाचून दाखवली. म्हातारीनं ती ओळ तीनदा वाचायला लावली.

"म्हंजी इसरला न्हाई त्यो."

"न्हाई इसरला, आत्याबाई. सहा-सहा येळा चढत होता शिडी."

अंबूबाई रडायला लागली. मोठ्यानं, पदर तोंडाशी न धरता. शेजारच्या बायका दाराशी येऊन गेल्या. मंजुळानं भाकऱ्या केल्या, कोरड्यास केलं, म्हातारीपुढं ताट ठेवलं. म्हातारीनं डोळे पुसले आणि सुनेच्या तोंडाकडं बघितलं.

"तुला येत न्हाई का गं रडू? अजून बी?"

"न्हाई येत."

"बरं," म्हातारी म्हणाली. "नगं यिऊ दे. मी हाय रडायला. तू जेव."

तपासणीच्या खोलीत पुढं एक तरुण साहेब आले. यंत्र कसं लावायचं ते त्यांना मंजुळानंच दाखवलं. व्यापाऱ्याच्या चिठ्ठीवरचा आकडा वहीत उतरवायचा नाही, असा नियम झाला होता, आणि तो तिच्याइतका कुणी पाळला नाही. शेडमधून माणूस दहादा येऊन उभा राहिला तरी ती पाणी तापायची वाट बघायची. लोक तिला मागं 'सेकंदबाई' म्हणायचे. तिच्या कानावर आलं, तिनं पुढचं पिंप मापायला घेतलं.

एकोणसाठ सालच्या उन्हाळ्यात एकदा पिंपरी स्टेशनावर दौलतराव भेटले. तळेगावला एका शाळेत शिकवत होते. केस बरेच पांढरे झाले होते. अंबूबाईची विचारपूस झाली, अकबर मिस्त्रीची झाली. तेवढ्यात पुण्याकडून येणारी गाडी लांबवर दिसायला लागली. मग ते घाईनं म्हणाले, "मंजुळाबाई, एक विचारायचं होतं. तुमच्या मनात माझ्याविषयी... राग आहे का?"

मंजुळानं खरोखर विचार केला. असा प्रश्न तिला कुणी आजवर विचारला नव्हता. ती आत चाचपून बघत राहिली, अंधारात फळीवर हात फिरवावा तशी, आणि हाताला काही लागलं नाही.

"माहीत नाही, साहेब," ती म्हणाली. "अजून काही वाटत नाही. वाटलं तर कळवीन."

दौलतरावांनी हात जोडले. गाडी आली, ते चढले, खिडकीशी जागा मिळाली. मंजुळानं भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि गाडी हलेपर्यंत फलाटावर थांबली. मग पवनेच्या वाटेला लागली.